डाव्या हाताचा कॅमेरा

आईला लकवा झाला तेव्हा मी पिंपळगाव राजा या गावच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवत होते. नांदुऱ्याच्या घरून रोज बसने जायचे. तिची उजवी बाजू गेली आणि मी आधी महिन्याची रजा घेतली, मग ती वाढवली, मग राजीनामा दिला. दादा पुण्यात नोकरीला. दर रविवारी फोन करायचा आणि शेवटी म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." माझं लग्न झालेलं नाही. मी "हो" म्हणून फोन ठेवायचे.

दोन वर्षं अशीच गेली. आई पुढच्या खोलीत पलंगावर, मी तिच्या हाकेच्या अंतरात. दळण आणायचं तरी शेजारच्या काकूंना बसवून जावं लागे.

एक दिवस आई जड जिभेने म्हणाली, "मले फोटो काढाचे हायेत."

मी माझा मोबाईल तिच्या डाव्या हातात दिला. तिचं बोट कोरडं पडलेलं, काचेला ते कळेचना. तिने रागाने दोन-तीनदा दाबलं तर दादाला व्हिडिओ कॉल लागला. तो मीटिंगमध्ये होता. आईने मोबाईल चादरीवर टाकून दिला. "याले बटनच नाही. दाबलं का नाही, समजतच नाही."

काकूंना बसवून मी स्टेशन रोडवरच्या फोटो स्टुडिओत गेले. छोटा कॅमेरा मागितल्यावर मालक हसले. "आता कोन घेते ताई? सगळ्यायजवळ मोबाईल हाय." तरी त्यांनी मागच्या कपाटातून तीन काढले. एकाची लेन्स लांबलचक, वजनही बरंच. दुसरा दिसायला देखणा, पण त्याचं सगळं काचेवरच. तिसरा साबणाच्या वडीएवढा, पेन्सिल सेलवर चालणारा, वर एक ठसठशीत बटण. दाबलं की टक् वाजायचं. मी उजवा हात मागे धरला आणि तो नुसत्या डाव्या हाताने चालवून पाहिला. बटणापर्यंत बोट पोचेना. तिन्ही कॅमेऱ्यांचं बटण उजवीकडेच होतं. बराच वेळ खटपट केल्यावर मी तो सरळ उलटा धरला, तेव्हा बटण अंगठ्याखाली आलं.

"फोटो उलटे येतीन ना," मालक म्हणाले.

"येऊ द्या."

कॅमेऱ्याची दोरी मी आईच्या डाव्या मनगटात अडकवली. त्या दिवसापासून घरात टक्-टक् सुरू झालं. पंधरा दिवसांनी स्टुडिओतून सगळे फोटो सरळ करून मोबाईलवर घेतले आणि आईजवळ बसून पाहू लागले. पंखा. खिडकीच्या गजावरची चिमणी, पुसट. तिचा स्वतःचा पाय. आणि मग मी. पाठमोरी, उघड्या दारात, एक हात चौकटीला. पुढच्या फोटोतही तशीच. फक्त कपडे वेगळे. असे अकरा फोटो होते.

"हे काय आई?"

"साडेदहाची बस जाते ना पिंपळगावची," आई म्हणाली. "रोज तू उठून दारात जातं. हारन वाजला का मंग आत येतं."

मी असं करते हे मला खरोखर माहीत नव्हतं. लाज वाटली, आणि लगेच इतका राग आला की मी ओरडले, "मग काय करू? जाऊ का तुला टाकून?"

"जाय ना," ती म्हणाली. "मी कधी म्हटलं, बसून राह्य म्हनून?"

खरंच, ती कधीच म्हणाली नव्हती. म्हणत होता दादा. आणि ऐकत होते मी.

ते अकरा फोटो मी दादाला पाठवले. खाली काहीच लिहिलं नाही. त्याचा फोन रविवारची वाट न पाहता आला. म्हणाला, "आईने सांगितलं का हे पाठवायला?"

"नाही. मी पाठवलेत. मला बाहेर पडायचंय, दादा."

"बरं, बघू," तो म्हणाला. त्या 'बघू'ला दीड महिना लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आईजवळ बसायला एक बाई येऊ लागल्या. शाळेत विचारलं, तर माझी जागा केव्हाच भरली होती. मुख्याध्यापकांनी नंबर लिहून घेतला, एवढंच.

पहिल्या मंगळवारी मी चांगली साडी नेसून निघाले. बाजारात आल्यावर कळलं, जायला कुठलंच ठिकाण नाही. दोन वर्षांत एकही मैत्रीण घरी आली नव्हती, मीही कुणाकडे गेले नव्हते. स्टेशनवर जाऊन बाकावर बसले. भुसावळकडची एक गाडी आली, गेली. घरी काही लागलं तर, आई पडली तर, हेच डोक्यात. पाऊण तासात परत आले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आईने भिंतीकडे तोंड वळवलं. मी साडी बदलली आणि चहा टाकला. शुक्रवारी कुठे जायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नव्हतं.