वहाबभाईचा दम

वहाबभाई आणि मी वाळूजच्या एकाच कंपनीत, पावडर कोटिंगला. लोखंडी भागांवर रंगाची भुकटी फवारायची आणि भट्टीत भाजायची. या खात्यात आपणहून कुणी येत नाही. वहाबभाई मागून घेऊन आला. कारण इथं फक्त दिवसपाळी, संध्याकाळ सॅक्सोफोनला मोकळी.

सॅक्सोफोन बापाचा. बाप खुलताबादला लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पोराला मात्र जॅझचं खूळ लागलं. डबा खाताना मला सांगायचा, "संघपाल, एकच गाणं दोनदा सारखं वाजलं ना, तर वाजवणारा मेला समजायचं." मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तो बोलायला लागला की भाकरी गोड लागायची.

वरातीत जॅझ कोण ऐकणार? शेवटी स्टेशनकडच्या एका हॉटेलनं त्याला शनिवारी बोलावलं. वेरूळ बघून दमलेले पाहुणे जेवायचे, हा वाजवायचा. झालं की नळीत साचलेली श्वासाची ओल दोरी बांधलेल्या फडक्यानं पुसायचा. फडकं माझ्यासमोर धरून म्हणायचा, "बघ, ही माझी कमाई."

इकडं भुकटी आपलं काम करत होती. चांगले मास्क साहेबलोक तपासणीला आले की निघायचे, एरवी नाकाला रुमाल. वहाबभाई जिना चढला तरी धापा टाकू लागला.

"खातं बदलून घे," मी म्हणालो.

"आन रातपाळी लागली तर शनिवारी तू वाजवणार व्हय?"

ज्या नोकरीनं त्याला संध्याकाळ दिली, तिनंच वाजवायचा दम काढून घेतला.

एका शनिवारी सूर मध्येच तुटला आणि खोकला थांबेना. हॉटेलचा मॅनेजर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढच्या खेपेला त्यानं सॅक्सोफोनची गाणी भरलेला पेनड्राइव्ह आणला. म्हणाला, "तुम्ही नुसतं उभं राहा, बोटं हलवा. कोट छान दिसतो तुम्हाला."

आणि वहाबभाई उभा राहिला! मला भयंकर राग आला. पण हॉटेल सुटलं, तर या गावात सॅक्सोफोन गळ्यात घालून उभं राहायला दुसरी जागा तरी कुठं होती?

त्यानंतर मी दोनदा गेलो. तेच गाणं, तीच वळणं, तसंच्या तसं. टाळ्या मात्र पूर्वीपेक्षा जास्त.

दुसऱ्या वेळी त्याची मुलगी सदफ आली होती, बापाला ऐकायला पहिल्यांदाच. सगळं तिनं मोबाइलमध्ये घेतलं आणि धावत आली.

"अब्बा, आज तो खांसी बी नै आई! कित्ता मस्त बजाए!"

"हां बेटा," वहाबभाई म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. सवयीनं त्यानं फडक्याची दोरी नळीत सोडली आणि दुसऱ्या टोकानं ओढून घेतली. फडकं कोरडंच बाहेर आलं.