चिनी कसरतीचे सर

"जीभ दाखवा बघू."

एसटीच्या थांब्यावर, किराणा दुकानात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा हा माणूस भेटला की पहिलं वाक्य हेच. रामराम नाही, कसं काय नाही. आणि आमच्या किन्हवलीकडची माणसं इतकी भिडस्त, की त्यानं मागितली म्हणून घास गिळून जीभ बाहेर काढायची. तो मान तिरकी करून बघायचा, "प्लीहा थकलीय" असं काहीतरी सांगायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. प्लीहा कुठे असते हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मी त्याला जीभ कधीच दाखवली नाही. मला तो आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याला डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे माझं बोलणं तुम्हाला फार कडू लागणार नाही.

सगळे त्याला सर म्हणायचे. तो कुठल्याही शाळेत शिकवत नव्हता. मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर होता. त्यांच्या कारखान्यात चीनमधून एक मशीन आलं आणि ते बसवायला एक चिनी माणूस चार महिने राहिला. तो सकाळी शेडमागे गुडघे जरा वाकवून, पोटापुढे परात धरल्यासारखे हात करून उभा राहायचा. आमचा फिटर त्याच्या शेजारी उभा राहू लागला. ह्याला चिनी येत नाही, त्याला मराठी येत नाही. तरी मोबाइलवर भाषांतर करत दोघांनी चार महिन्यांत विश्वाचं चैतन्य, शरीरातली शक्ती आणि आजाराचं मूळ हे सगळे विषय संपवले. मशीन नीट चालायला मात्र सहा महिने लागले म्हणतात.

रिटायर झाल्यावर त्यानं मराठी शाळेच्या पटांगणात वर्ग काढला. सकाळी साडेसहा ते सात. पैसा एक घेत नव्हता. घेतला असता तर मला बरं वाटलं असतं, कारण लबाड माणसाशी भांडायला सोपं जातं. हा मनापासून बोलायचा आणि बायका मनापासून ऐकायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यानं नऊ बायकांच्या जिभा बघून नऊही जणींचं रक्त साचलंय असं जाहीर केलं. कारण काय, तर जिभा काळपट. त्या नऊच्या नऊ जणी मशेरी लावून आल्या होत्या. हे कोणीतरी सांगितल्यावर म्हणाला, "उद्या न लावता या." दुसऱ्या दिवशी दोघीच आल्या. बाकीच्यांचा मशेरीशिवाय दिवसच उजाडत नव्हता.

एकदा एक म्हातारी त्याला म्हणाली, "सर, लावणीत आमी ह्याच्यापेक्षा वाकून दिवसभर चिखलात असतो. तुमी आमाला काय नवीन शिकवता?"

"तेव्हा मन कुठं असतं तुमचं?"

"घरी. चुलीवरच्या दुधापाशी."

"मग शक्तीपण तिकडंच गेली. मन जिकडं, ची तिकडं."

शक्तीला तो ची म्हणायचा. ती शरीरातून पाण्यासारखी फिरते, या खाचरातून त्या खाचरात, आणि बांध तुंबला की आजार होतो, असं त्यानं बायकांना समजावलं होतं. भातशेती करणाऱ्या बाईला हे न कळायला काय झालं? समजावण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, एवढं मी कबूल करतो.

पण त्याचा एक नियम होता आणि त्या नियमाचा मला पहिल्यापासून संताप होता. वर्गात आजाराचं नाव घ्यायचं नाही. "शरीर मनाचं ऐकतं. तुमी त्याला रोज आजाराचं नाव सांगता, म्हणून ते आजार धरून बसतं," असं त्याचं म्हणणं. कोणाला काही झालं की तिला मधोमध उभं करायचं आणि बाकीच्यांनी भोवती उभं राहून एका सुरात म्हणायचं, "तुमी बऱ्या आहात." मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर आहे. तीस वर्षं जखमा धुतोय. आजाराचं नाव उशिरा घेतलेली माणसं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. हे त्याला तोंडावर सांगितलं, तर माझ्याकडे प्रेमानं बघत म्हणाला, "तुमचं यकृत तापलंय. राग यकृतात राहतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यावर म्हणतो, "बघा, आणखी तापलं."

माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, आमच्या शेजारच्याच घरात राहते. तिला शुगर आहे. तिचे तळपाय पेटल्यासारखे व्हायचे. ओलं फडकं गुंडाळून बसायची. ती त्या वर्गाला जाऊ लागली. वर्षभरात आग कमी झाली आणि मग थांबलीच. त्या दिवशी तिला मधोमध उभं केलं, सगळ्या एका सुरात म्हणाल्या आणि वहिनी रडली. सरही रडले म्हणे. मग तिनं गोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला, "गोळी म्हणजे शरीराला रोज आजाराची आठवण. आता कशाला?"

मला याचा पत्ता नव्हता. मी दर महिन्याला गोळ्या आणून देत होतो आणि ती त्या पिठाच्या डब्यामागे ठेवून देत होती.

भातकापणीत तिच्या पायात धसकट घुसलं. तिला कळलंच नाही. आठ-दहा दिवसांनी ती गरम भाकरी घेऊन माझ्या ओट्यावर आली आणि मला वास आला. ड्रेसरला तो वास ओळखायला पाय बघावा लागत नाही.

"वहिनी, पाय दाखव."

"काय नाय झाला, भावजी. दुखत पण नाय."

काट्याचा नायटा म्हणतात तो असा. दोन बोटं काढावी लागली.

ती घरी आल्यावर तो भेटायला आला. दारातच उभा राहून म्हणाला, "पण आग थांबली होती. शपथ सांगतो, थांबली होती."

मी त्याला आत बोलावलं. वहिनी खाटेवर बसून त्याला दवाखान्यातल्या पांचट चहाबद्दल सांगू लागली. तिच्या चांगल्या पायावर चादर होती. ती बोलत असताना मी चादर सारली आणि चिमट्याचं बोथट टोक तिच्या तळव्यावर जोरानं दाबलं. टाचेला दाबलं, अंगठ्याखाली दाबलं. वहिनी चहाबद्दलच बोलत राहिली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मग चिमट्याकडे बघू लागला.

"नस आजारी असते तोवर आग होते," मी म्हटलं. "नस मेली की आग थांबते. तुम्ही मेलेल्या नसेची आरती केलीत."

 वहिनी गप्प झाल्यावर त्यानं तिला हात जोडले आणि मला म्हणाला, "उद्या सांगतो सगळ्यांना."

आणि त्यानं सांगितलं. मी मुद्दाम गेलो होतो. रांगेपुढे उभा राहून तो म्हणाला, "माझी चूक झाली. शुगर, बीपी, टीबी, ज्याला जे असेल त्यानं आजच्या आज गोळ्या सुरू करा. ह्यांच्या वहिनींची बोटं गेली, त्याला मी कारण आहे." एकेका आजाराचं नाव तो थांबून थांबून घेत होता. बायका खाली बघत होत्या.

मग मघाशी सांगितली ती म्हातारीच म्हणाली, "मंग सर, आमी सकाळची उभ्या राहायचा का नाय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं की उभं राहून कोणाचं बोट गेलेलं नाही. बोटं गेली ती गोळ्या थांबवल्यानं. गोळ्या घ्या आणि खुशाल उभ्या राहा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मला तो माणूस पुरता हरलेला बघायचा होता.

"बंद करा," मी म्हटलं.

त्यानं बंद केलं. काही महिन्यांनी तो बदलापूरला मुलीकडे राहायला गेला आणि तिकडेच वारला. मी गेलो नाही. वहिनी गेली. पायाची जखम अजून पुरती भरली नसताना दोन एसट्या बदलून गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. मी पट्टी सोडता सोडता तिच्यावर तोंड टाकलं. ज्याच्यामुळे बोटं गेली त्याच्यासाठी एवढी पायपीट कशाला, असं विचारलं. माझा राग तेव्हाही गेला नव्हता आणि आजही गेलेला नाही.

"बोटा गेली ती गेली, भावजी," ती म्हणाली. "त्याच्यावर मी पण रागावले, त्याला बोलले पण. पर सकाळचा तो अर्धा तास मला कुणी पाणी सुदा मागत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून तेवढाच माझा होता. तो तुमी कशाला नेलात?"

मी म्हटलं, उद्यापासून पुन्हा सुरू करा, मी स्वतः सगळ्यांना सांगतो.

"आन समोर कोण उभा राहील? तुमी?"

मी नवी पट्टी बांधायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेवरून ड्यूटीला जाताना बघितलं, तर सात-आठ जणी पटांगणात येऊन थांबल्या होत्या, समोरची सरांची जागा रिकामी होती. वहिनीनं त्यांना निरोप दिला असावा. मी मान खाली घालून एसटी पकडली.