तुमचाच मिस्त्री पाहून गेला

गाडी आर्णीच्या अलीकडे बंद पडली, तेव्हा मागच्या सीटवर राठोड सरांची आई होती. यवतमाळला डायलिसिससाठी निघालेली. सरांचा फोन आला.

"सलीमभाई, गाडी सेल्फच घेऊन नाही राह्यली. सगळे लाइट गेले. आईले एका जीपमध्ये बसवून देलं, पण मले लय भेव वाटून राह्यलं."

"टोचन लावून गॅरेजला आणा," मी म्हणालो. फोन ठेवला. महिन्यापूर्वी ही गाडी मीच पास केली होती.

आमच्याकडे जुनी गाडी घेताना आपला मिस्त्री सोबत नेतात. सर महागावला शिक्षक. आठवड्यातून दोनदा आईला न्यायचं, म्हणून गाडी हवी होती. मी इंजिनाचा आवाज ऐकला, ऑइल पाहिलं, एक चक्कर मारली. जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठनं आलूबोंडे मागवले. खाता खाता मी म्हणालो, "घ्या सर, बिनधास्त."

गाडी लोहाऱ्याला माझ्या गॅरेजात आली. खालचं मॅट उचललं, तर वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळून राहणारा हातभर पट्टा वाळलेल्या गाळानं माखलेला. गाडी कुठंतरी पुरात बुडालेली होती. वरून नवे सीटकव्हर, आत अत्तराची बाटली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि मी पट्टा ओढून पाहिलाच नव्हता.

सर शेठकडे गेले. शेठ म्हणाला, "जशी आहे तशी घेतली, पावतीवर लिहेल आहे. अन् तुमचाच मिस्त्री पाहून गेला ना?"

सरांनी वकील मॅडम गाठल्या. त्यांनी समजावलं: गाड्या विकायचा धंदा करणाऱ्याकडून जुनी गाडी घेतली, तरी तुम्ही ग्राहकच. 'जशी आहे तशी' लिहिलं म्हणून दोष लपवायची मुभा मिळत नाही. पण ग्राहक आयोगात जाणकाराचा लेखी रिपोर्ट लागेल. सर माझ्याकडे पाहायला लागले.

मी दोन दिवस टाळलं. त्यात शेठचा फोन. "सलीम, कागदावर लिहून कायले आपली इज्जत घालवून राह्यला? उद्या तुले कोण गाडी दाखवीन?"

तो खोटं बोलत नव्हता. तीस वर्षांत कमावलेलं नाव होतं. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर म्हातारी एसटीतून उतरताना दिसली. सरांचा खांदा धरून, एकेका पायरीवर थांबत. मला माझी लाज वाटली. गॅरेजात येऊन रिपोर्ट लिहिला. पहिलीच ओळ: 'ही गाडी मी आधी तपासून चांगली सांगितली होती. मी चुकलो.'

आयोगासमोर शेठच्या वकिलानं तेच धरलं.

"तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं गाडी चांगली सांगितली. बरोबर?"

"हो." वाटलं, माझ्यामुळे सर हरले.

वकील मॅडम उठल्या. "तीस वर्षं मुरलेल्या मिस्त्रीला दिसू नये इतकं झाकलं होतं. शाळेच्या मास्तरांना कसं दिसणार?"

निकाल सरांच्या बाजूनं लागला. गाडी शेठकडे, पैसे सरांकडे. शेठकडून येणारी गिऱ्हाइकं मात्र बंद झाली.

महिनाभरानं सरांचा फोन आला. "सलीमभाई, दुसरी गाडी पाहाले जाऊन राह्यलो. येता ना?"

"अजून माझ्यावर भरवसा आहे?"

"चुकलो म्हणून कोण लिहून देते जी?"

गेलो. नाश्ता नको म्हणालो. इंजिन नंतर. आधी चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले.