जिंकणाऱ्यानं आधी उठायचं नाही

वासुदेवरावांना पत्त्यांपेक्षा पत्ते खेळणाऱ्यांचाच नाद जास्त. वर्ध्याच्या कापूस बाजारातल्या त्यांच्या दुकानात पोळ्याला सतरंजी पडायची आणि नियम एकच: जिंकणाऱ्यानं आधी उठायचं नाही. हरलेल्याला संधी द्यायची, वर चहाही पाजायचा. पुढे खेळातले बंडूजी वारले, प्रेमदास मुलाकडे पुण्याला गेला, बायको प्रमिलाबाईही वारल्या. पत्त्यांचा कॅट तेवढा राहिला, वाटायला कुणी नव्हतं.

दोन हजार सातच्या सुमारास बसस्टँडमागच्या ओमप्रकाशच्या नेट कॅफेत त्यांना कॉम्प्युटरवरची तीन पत्ती सापडली. गावोगावचे लोक आपापल्या जागेवरून एकाच टेबलावर खेळत. प्रत्येक डावातला थोडा हिस्सा जॅकपॉटमध्ये पडे. तीन एक्के दाखवील त्याचा तो सगळा. दुपारी टेबलावर तीच तीन नावं असत: राजा, पिंकी, इंदूरवाला. वासुदेवराव एका बोटानं ‘राम राम’ टाईप करत. राजा कधीमधी उत्तर देई, बाकीचे तेवढंही नाही. एवढ्यावर कुणी खूश होतं का? पण वासुदेवराव व्हायचे. एकट्या माणसाला थोडकंही पुरतं.

एका दुपारी त्यांच्याच हातात तीन एक्के आले. मागे उभा ओमप्रकाश ओरडला, “काका, दाखवा न!”

जॅकपॉट फुगलाय म्हणून ही मंडळी बसलीत, हे वासुदेवरावांनी केव्हाच ओळखलं होतं. तो फुटला की कोण थांबणार? त्यांनी पत्ते टाकून दिले.

“काऊन टाकले? पागल झाले का, काका?”

“खेळ मोडला असता रे.”

आठवडाही झाला नाही, तोच पिंकीनं तीन एक्के दाखवले. पडद्यावर रोषणाई झाली, जॅकपॉट शून्यावर आला. वासुदेवराव घाईनं ‘चहा पाजा’ टाईप करायला लागले. ‘चहा’ होईस्तोवर पिंकीची जागा रिकामी झाली. मग राजाची. मग इंदूरवाल्याची.

“जितनाराच पयले उठला,” ते म्हणाले. “अशी कुठं रीत असते?”

“इथं अशीच असते, काका. दुसऱ्या टेबलावर बसवून देऊ?”

त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

“मी जितलो असतो त उठलो नसतो,” ते पडद्याला म्हणाले, आणि वेळ संपेपर्यंत त्याच टेबलावर बसून राहिले.