सिंधूबाईनं पिशवीला हात लावला

आमच्या ह्यांना साठीत सायकलचं वेड लागलं. पस्तीस वर्षं कचेरीत खुर्चीवर बसून फायली चाळल्या आणि गुडघे दुखायच्या वयात गुडघे वर-खाली करायची हौस आली. त्यात साखरेचं दुखणं, रोजची इन्सुलिनची इंजेक्शनं. मी म्हटलं, "उद्धवराव, गच्चीवर चकरा मारा की!" नवऱ्याला मी नावानं फक्त चिडल्यावर बोलावते. त्यांना ते पक्कं माहीत आहे, आणि तरी दर रविवारी सकाळी हेल्मेट चढवून स्वारी हिंगोलीच्या बाहेर पडतेच.

जायचं कुठं, तर पुसेगावच्या अलीकडे, सिंधूबाईच्या आखाड्यावर. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दोन पत्र्याच्या खोल्या, मागं मेंढरांचा वाडा, पुढं भलं मोठं कडुलिंबाचं झाड. रस्त्याच्या कडेला तिच्या नवऱ्यानं, नामाजीनं, चार लाकडं रोवून वर तुरीच्या वाळक्या तुराट्यांचं छप्पर टाकलेलं. मूळचं ते त्याच्या स्वतःच्या दुपारच्या विसाव्यासाठी. एकदा कुणी सायकलवाला भोवळ येऊन तिथं टेकला. सिंधूबाईनं त्याला ताक पाजलं, तासभर पडू दिलं. त्यानं चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी दहांना. आता हिंगोलीचे सगळे सायकलवाले आणि पाठीवर बॅगा घेऊन पायी भटकणारी पोरंपोरी तिथंच थांबतात. दोन बाजा, एक रांजण, लिंबाला दोरीनं टांगलेला हवा भरायचा पंप आणि पिशव्या अडकवायला खुंट्या. जेवायला भाकरी आणि जे असेल ते. घरी मी केलेल्या पोळीला नावं ठेवणारा माणूस तिथं ठेचा-भाकरी खाऊन बोटं चाटायचा, हे मला कुठून रुचणार!

सिंधूबाईला मी कधी बघितलं नव्हतं, पण हे आल्यावर तिच्याच गोष्टी सांगायचे. साठीच्या आतबाहेरची, काटक, कमी बोलणारी. तिचे नियमही ठरलेले. निजलेल्या पावण्याला उठवायचं नाही. "दमून आलेल्या मान्साला काहून उठवायचं? निजू द्या," म्हणायची. आणि दुसरा नियम, पावण्याच्या सामानाला हात लावायचा नाही. कुणी पिशवी विसरून गेला तर ती आठ-आठ दिवस खुंटीवर तशीच लटकायची. हा दुसरा नियम आधी नव्हता. तो माझ्यामुळं झाला.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हे आखाड्यावरून घरी आले आणि बोटात अंगठी नाही. माझ्या वडिलांनी लग्नात ह्यांना घातलेली अंगठी! माझं डोकंच फिरलं. हे म्हणाले, "हात धुताना रांजणापाशी काढली असेल." मी म्हटलं, "मग त्या बाईला विचारा ना. पत्र्याच्या घरात राहणारी बाई सोनं दिसल्यावर सोडेल होय?" ते हो-ना करत राहिले. मीच त्यांना शेजारच्या संतोषच्या गाडीत बसवून परत पिटाळलं. ह्यांनी तिथं अगदी हळू विचारलं म्हणे. पण विचारलं ते विचारलंच. सिंधूबाई उठून आत गेली. आतून पत्र्याची पेटी ओढत आणली आणि सगळ्यांदेखत बाजेवर उलटी केली. लुगडी, नातीचं झबलं, गोळ्यांची पाकिटं. शेजारच्या शेतातली बेबीबाई आणि कामावरची माणसं बघत उभी होती.

तिसऱ्या दिवशी अंगठी आमच्याच न्हाणीघरात साबणाच्या डबीखाली सापडली. मी म्हटलं, "आता कुठं जाऊन सांगता? ती विसरलीही असेल." हे दोन महिने तिकडं फिरकले नाहीत. मग गेले, पण तोंड त्यांचंही उघडलं नाही. बॅग बाजेवर ठेवली तर सिंधूबाई म्हणाली, "सायब, पिशवी तुमच्या हातानं खुंटीला लावा. मी हात लावत न्हाई." त्यांनी मला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसले होते. हो, हसले. खोटं कशाला बोलू?

यंदाच्या फेब्रुवारीतला तो रविवार. आमचं ठरलेलं होतं. अकराला ते आखाड्यावर इंजेक्शन घेणार, लगेच जेवणार आणि मला फोन करून एकच शब्द सांगणार, "जेवलो." इन्सुलिन घेतलं आणि पोटात अन्न गेलं नाही, तर साखर झपाट्यानं उतरते, माणूस बेशुद्ध पडतो. डॉक्टरांनी हे मला दहा वेळा बजावलेलं. ह्यांना वीस वेळा, पण ते ऐकणाऱ्यातले थोडेच!

सव्वाअकरा झाले. फोन नाही. साडेअकरा झाले. म्हटलं, गप्पा मारत बसले असतील, ह्यांना काय, श्रोता मिळाला की झालं. पावणेबाराला मीच फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गॅसवर वरण होतं ते करपलं, तरी मला वास आला नाही.

तिथं काय झालं होतं ते मला मागाहून कळलं. ह्यांनी विचारलं, "भाकरीला किती वेळ?" सिंधूबाई म्हणाली, "ही काय, टाकलीच." ह्यांनी इंजेक्शन टोचून घेतलं. इतक्यात वाड्यातून मेंढीचा ओरडा आला. गाभण मेंढी अडली होती, पिल्लाचा पाय आडवा. नामाजी बाकीची मेंढरं घेऊन लांब रानात गेलेला, घरातला एकुलता एक मोबाइलही त्याच्या खिशात. सिंधूबाईनं ह्यांच्याकडं बघितलं. हे महाशय म्हणाले, "आधी तिचं बघा, मला काही घाई नाही." इंजेक्शनचं सांगितलंच नाही हो! संकोच वाटला म्हणे. बाई मुक्या जनावरासाठी धावतेय आणि आपण भाकरी काय मागायची. अर्ध्या-पाऊण तासानं ती मेंढी सोडवून हात धुऊन आली, तर हे बाजेवर डोळे मिटून पडलेले. तिला वाटलं, दमून निजलेत. तिनं अंगावर घोंगडी घातली आणि आवाज न करता चुलीपाशी गेली.

इकडं मी अकरा वेळा फोन लावला होता. मोजले होते मी. संतोषला हाक मारली, त्याला म्हटलं, "गाडी काढ, आणि आधी १०८ ला फोन कर." सिंधूबाईकडं दुसरा फोन नाही हे माहीत होतं, पण बेबीबाईचा नाही तर नामाजीचा नंबर तरी? कधी मागितलाच नव्हता. कशाला लागणार म्हणून. आणि खुंटीवरची पिशवी वाजतेय, वाजतेय, आणि ती बाई तिकडं बघत उभी आहे, हे मला हिंगोलीत बसून दिसत होतं. ती हात लावणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि का नाही हेही. मी देवाला नाही, तिला विनवत होते. उचला हो, उचला.

चौदाव्या वेळी फोन उचलला गेला.

"हालो." बाईचा आवाज, धापा टाकत.

"सिंधूबाई? उद्धवराव कुठं आहेत?"

"बाई, आधी ऐका. फोन वाजूनच राहिला म्हणून मी सायबाच्या पिशवीला हात लावला. एकलीनं न्हाई लावला. बेबीबाईला बलावून आणलं, तिच्यादेखत लावला. बोल गं बेबीबाई."

दुसरा आवाज आला, "व्हय, मी बघून राहिले. फोनच काढला, दुसरं काही न्हाई."

म्हणजे एवढा वेळ ही बाई साक्षीदार आणायला धावली होती. शेताच्या त्या टोकाला बेबीबाईची हळद शिजत होती, तिथवर पळत जाऊन आली होती.

"सिंधूबाई, ते कुठं आहेत?"

"निजलेत की."

"निजलेले नाहीत ते! हलवा त्यांना. जोरात हलवा."

"सायब! ओ सायब! उठा!" मग तिचा आवाज बदलला. "बाई, नुसतं हुं हुं करून राहिले. डोळे उघडत न्हाईत. अंग घामानं चिंब झालंय."

"पिशवीच्या पुढच्या कप्प्यात हिरवा डबा आहे, ग्लुकोजचा. काढा."

मग ती म्हणाली, "कप्पा उघडू?"

"उघडा हो उघडा!"

"बेबीबाई, नीट बघ. हा कप्पा उघडला. हे पाकीट निघालं, हे हितं ठेवलं. हा चष्मा. ह्या किल्ल्या..."

"पाकीट फेका हो तिकडं!" मी किंचाळले. संतोष गाडीची चावी हातात घेऊन दारात नुसता उभा राहिला.

"फेकत न्हाई बाई. बराबर ठेवलंय. हा डबा घावला."

मी एकेक सांगत गेले. कुशीवर वळवा. पाणी पाजू नका, ठसका लागेल. बोट ओलं करा, पावडरीत बुडवा, गालाच्या आत घालून हिरड्यांवर चोळा. परक्या पुरुषाच्या तोंडात बोट घालायचं म्हणजे तिलाही अवघडच. मग म्हणाली, "बेबीबाई, डोकं धर," आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मी गाडीत बसले, फोन कानाला. संतोष हॉर्न वाजवत चालला होता. पलीकडून मेंढरांचं बें-बें ऐकू येत होतं, कुणाची तरी पावलं, बेबीबाईचं "आणिक लाव, आणिक" असं पुटपुटणं. मी विचारत होते, "काय झालं? बोला ना." आणि ती म्हणत होती, "अजून न्हाई बाई. अजून न्हाई." एवढी वर्षं संसार केला, ह्या माणसाशी मी रोज भांडले, आणि त्या दहा मिनिटांत मला एकही भांडण आठवेना. हा माणूस गेला तर मी कुणावर चिडू, एवढंच सुचत होतं.

"अगं आई गं!" सिंधूबाई ओरडली.

"काय झालं?"

"बोट चावलं बाई! लय जोरात चावलं. दातात जीव आला म्हना!"

आणि मग मागून खरखरीत, चिडका आवाज आला, "कोण ओरडतंय एवढं?" मी गाडीत हमसून हमसून रडले. संतोषनं गाडी कडेला घेतली, तर त्यालाच ओरडले, थांबलास कशाला म्हणून.

"गूळ द्या त्यांना, भाकरी द्या," मी म्हटलं.

"देऊन राहिले. बाई, एक सांगा. हा फोन माघारी पिशवीत ठेवू, का तुमी येईस्तोवर हातात धरू?"

"ठेवा हो कुठंही."

"कुठंबी न्हाई. तुमी सांगाल तितंच ठेवते."

आम्ही पोचलो तेव्हा १०८ ची गाडी आमच्या आधी आलेली होती. त्यांनी ह्यांचं बोट टोचून साखर बघितली होती, आता ठीक आहे म्हणाले, तरी दवाखान्यात दाखवा. हे बाजेवर बसून गूळ-भाकरी खात होते आणि माझ्याकडं बघायचं टाळत होते. मी त्यांना दंडाला धरून हलवलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, मग खरपूस समाचार घेतला. मग वळले.

सिंधूबाई पहिल्यांदाच दिसली मला. बोटाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, तिच्यावर रक्ताचा डाग. दुसऱ्या बाजेवर तिनं टॉवेल पसरला होता आणि त्यावर पिशवीतली एकेक वस्तू ओळीनं मांडली होती. पाकीट, चष्मा, किल्ल्या, हिरवा डबा, फोन. हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर ठेवून बेबीबाई राखणीला बसल्यासारखी शेजारी बसली होती.

"मोजून घ्या बाई," सिंधूबाई म्हणाली. "डब्यातली पावडर तेवढी कमी हाय."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि कसंबसं सांगितलं, "सिंधूबाई, अंगठी आमच्या घरातच सापडली होती. तिसऱ्याच दिवशी. मी सांगितलं नाही तुम्हाला. चुकलं माझं."

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. हात सोडवून घेतले नाहीत, पण तिच्या हातांनी माझे हात धरलेही नाहीत.

"मला सांगून काय व्हतंय बाई?" ती म्हणाली. "मी घेतली न्हवती हे मला ठावंच हाय की. ह्यांला सांगा."

तिनं मान वळवून दाखवलं. बेबीबाई बसली होती. मागं बांधावर तिची कामावरची माणसं जमली होती, सात-आठ जण, काय झालं ते बघायला हळद सोडून आलेली. पेटी उलटी केली तेव्हा हीच सगळी उभी होती.

मी पुढं झाले. एवढ्या लोकांसमोर मी जन्मात कधी बोलले नव्हते. म्हटलं, "ती अंगठी..." आणि आवाज बसला. बांधावरचा एक म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, "मोठ्यानं बोला बाई, हिकडं ऐकू येऊन न्हाई राहिलं." सिंधूबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग मी मोठ्यानं बोलले.