बंगल्यावरची खुर्ची

माणसाची योग्यता सरकारइतकी अचूक कोणालाच कळत नाही, असं आमचे शेजारी पाटील गंभीरपणे सांगत. आपली योग्यता सरकारला कळण्याची ते बरीच वर्षं वाट पाहत होते.

बुलढाण्याला जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांचा बंगला वर्षातून एकदा फुलांच्या प्रदर्शनासाठी लोकांना खुला होई. मानकऱ्यांना व्हरांड्यात खुर्ची, बाकीच्यांना दोरीपलीकडे ऊन. त्या वर्षी पाटलांना खुर्ची मिळाली. ती दाखवायला त्यांनी मोताळ्याहून थोरल्या भावाला आणलं. बापामागे त्यानेच यांना वाढवलं होतं.

"दादा, जोडा फाटकातच काढा. सायबाचं घर हाय."

दादांनी काढला. साहेबाच्या घरी जोडे काढत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

साहेबांचं भाषण लांबलं. म्हातारा तापल्या खडीवर पाय बदलत उभा होता. मी दोरीवरून वाकून कुजबुजलो, "पाटील, त्यांना घडीभर बसू द्या."

पाटील समोर पाहतच म्हणाले, "उठलो तं दुसरा येऊन बसन. मंग मले कोन ओयखते?"

"बस बे तू," दोरीपलीकडून दादा म्हणाले. "मले काय होते?"

थोड्या वेळाने ते खडीवरच बसले. शिपायाने त्यांना दंडाला धरून उठवलं. पाटील टाळ्या वाजवत होते.

भाषण हेडक्लार्क वाचत होता. साहेब आठवडाभर चिखलदऱ्याला होते.