भाऊजींचा चार पानी बायोडाटा

रायपुरात खरं बोलण्याची स्पर्धा झाली असती, तर माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पहिले आले असते. आणि निकालात एक गुण जास्त पडला असता, तर तो परत करून आले असते. भनपुरीच्या एका गोदामात त्यांनी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. मुठीत नट-बोल्ट घेतले की न मोजता आकडा सांगत. एका दिवाळीत मूठभर शेंगदाणे उचलून म्हणाले, "एकसष्ट." मी मोजले, तर अठ्ठावन्न भरले. "तीन तू मोजता मोजता खाल्ले, साळेबाबू." खाल्ले होते.

गोदाम बंद पडलं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. ताईनं मला बोलावून घेतलं. "यायले ऑनलाइन नौकरी पाहून दे रे. दिवसभर घरातले चमचे मोजून राहिले."

भाऊजींनी चार पानी बायोडाटा पुढे ठेवला. लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायचा, त्यावरूनच उतरवलेला. उंची, रक्तगट, जन्मवेळ, आधार नंबर, ताईचं माहेर. आणि पत्त्यात लिहिलेलं, 'बूढापारा, तलावाकडून दुसरी गल्ली, निळा दरवाजा, ढकलून आत यावे, कडी लागत नाही.'

"भाऊजी, हे साऱ्या दुनियेला दिसेल. चोर येतील."

"काहून? नौकरी देणारा घर नाही पाहणार काय? तुमच्या बाबांनी तं पोरगी देतेवेळी पाण्याची टाकीबी पाहिली होती!"

मी जन्मतारीख, आधार, पत्ता सगळं काढलं; फक्त शहर ठेवलं. वेगळा ईमेल उघडला. स्टोअरचं काम सगळ्यात वर आणलं. कोणी ओटीपी किंवा फी मागितली तर फोन ठेवायचा, हे घोकून घेतलं. घरच्या फोटोतून एकेक नातेवाईक कापावा, तशा चेहऱ्यानं ते बघत होते. एक ओळ मात्र त्यांनी काढू दिली नाही. 'ओळख देणारा : साळा. मले सगळ्यात जास्त ओळखते.' खाली माझा नंबर.

तीन आठवड्यांनी त्या नंबरवर पुण्याच्या एका कारखान्यातून बाईंचा फोन आला. भाऊजींचा लागत नव्हता म्हणे. ना ओटीपी, ना फी. मी कंपनीच्या साइटवर नंबर ताडून पाहिला, मग उलट फोन केला. सगळं खरं होतं. बाई म्हणाल्या, "आम्हाला असाच अनुभवी माणूस हवाय. पुण्याला येतील ना?"

आई लवकर गेली; मला वाढवलं ते ताईनं. तिचं घर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. मी म्हणालो, "नाही, ते रायपूर सोडणार नाहीत." एवढंच.

भाऊजी पुढे गोलबाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात बसायला लागले. ऑनलाइनचा विषय निघाला की हसत, "आपल्याले कोनी विचारलंच नाही ना भैया!" त्या हसण्यात मीही नऊ वर्षं सामील होत राहिलो.

मागच्या रविवारी ताई भाजी आणायला गेली होती, तेव्हा भाऊजींना सगळं सांगून टाकलं. शिव्यांची वाट पाहत मी मान खाली घातली.

"म्हणजे फोन आला होता?"

"हो, भाऊजी."

"अनुभवी म्हणे?"

"हो."

"मंग नीट सांग ना बे. बाई पहिले काय म्हणाली?"

मी पहिल्यापासून सांगितलं. मग त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा ताई पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

तिला खुर्ची सरकवत भाऊजी म्हणाले, "बस इथं. तूबी ऐक."